घरचं वीज टिपणारं यंत्र: लांबच्या ढगांसाठी वेगळं सेटिंग, डोक्यावरच्या ढगांसाठी वेगळं

वळीवाची_वाट (धागा)

नमस्कार मंडळी. एप्रिल निम्मा सरला की आमच्या बार्शीकडे दुपारनंतर ढग भरून यायला लागतात आणि त्याच सुमारास घरी वीज टिपायचं यंत्र बसवलेल्यांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) सुरू होतात. कुणी म्हणतं, कुर्डुवाडीकडची वीज दिसते पण पाऊस गावात शिरला की यंत्र गप्प. कुणाचं नेमकं उलट: जवळची वीज बरोबर मोजतंय, पण ४० किलोमीटर म्हणतात तिथलं कधी काही दिसत नाही. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथे एकत्र लिहितो.

माझं ठाम मत आधीच सांगतो: एकाच सेटिंगवर ही दोन्ही कामं नीट होत नाहीत. लांबचं पकडायचं तर गेन (आलेला सिग्नल किती पट मोठा करायचा ते) वाढवावा लागतो आणि थ्रेशोल्ड (किती सिग्नलपासून दखल घ्यायची ती मर्यादा) खाली आणावा लागतो. तेच सेटिंग ठेवून वादळ अंगावर आलं की आत येणारा सिग्नल चेपला जातो आणि चिपला तो विजेचा म्हणून ओळखूच येत नाही.

बहुतेकांकडे वीज ओळखणाऱ्या एएस३९३५ चिपचं छोटं मॉड्यूल आणि त्याला जोडलेला ईएसपी३२ (कोड चालवणारा वायफायवाला छोटा बोर्ड) असतो, म्हणून त्याच्याबद्दलच लिहितो. ही चिप ५०० किलोहर्ट्झच्या आसपास ऐकते आणि ४० किमीपासून १ किमीपर्यंत ठरलेल्या पायऱ्यांमध्ये अंतर सांगते. हे अंतर नक्की कशाचं, हे समजून घेणं फार गरजेचं आहे. विजेतून निघणाऱ्या लहरी अंतराच्या प्रमाणात क्षीण होतात. ५ किमीवरच्या विजेपेक्षा तेवढीच वीज ४० किमीवर आठपट कमी भरते. पण सगळ्या विजा सारख्या कुठे असतात? एखादीचा प्रवाह १० किलोअँपिअरच्याही खाली असतो, एखादीचा १०० च्या वर जातो. म्हणजे १० किमीवरची १० किलोअँपिअरची वीज आणि १०० किमीवरची १०० किलोअँपिअरची वीज अँटेनाला साधारण सारखीच दिसते. एकाच कडाडण्यावरून अंतर निघत नाही ते यामुळे. चिप लागोपाठच्या विजांचा हिशोब ठेवते आणि त्यावरून वादळाची आपल्याकडची कड किती लांब आहे याचा अंदाज देते. शेवटची वीज कुठे पडली ते ती सांगत नाही. सोबत येणारा एनर्जीचा आकडा तर कुठल्याही एककात नसतो, त्यावरून काही ठरवू नका.

सेटिंगला हात लावण्याआधी जागा तपासा. सोपी युक्ती: जुना मध्यमलहरींचा ट्रान्झिस्टर घ्या, काटा अगदी खालच्या टोकाला, जिथे स्टेशन लागत नाही तिथे आणा आणि यंत्र ठेवायच्या जागी धरा. ती पट्टी ५३१ किलोहर्ट्झपासून सुरू होते, म्हणजे चिपच्या अगदी लगत. ट्रान्झिस्टर तिथे गुरगुरत असेल तर चिपलाही तेच ऐकू येणार. मग एकेक वस्तू बंद करून बघा. मोबाईलचा चार्जर, एलईडी ट्यूबचा ड्रायव्हर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर हे नेहमीचे गुन्हेगार. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होतो आणि वादळात लाइट जातेच, त्यामुळे इन्व्हर्टर चालू असताना केलेली तपासणीच खरी. मॉड्यूल बॅटरीवर किंवा साध्या लिनिअर रेग्युलेटरवर चालवा, आणि खिडकीच्या लोखंडी गजांपासून आणि पत्र्यापासून लांब ठेवा.

मग अँटेनाचं ट्यूनिंग. चिपमध्ये ० ते १२० पिकोफॅरडपर्यंत ८-८ च्या पायरीने कपॅसिटर जोडता येतात. अँटेनाची वारंवारता इंटरप्टच्या पिनवर (जिथून चिप बोर्डाला इशारा देते) काढता येते. १६ ने भागल्यावर ३१.२५ किलोहर्ट्झ आली की बरोबर. साडेतीन टक्के इकडेतिकडे चालतं, त्याबाहेर गेलं तर अंतराचा अंदाज बिघडतो. ट्यूनिंगनंतर आतल्या ऑसिलेटरचं कॅलिब्रेशन करावं लागतं, आणि वीजपुरवठा गेला की ते पुसलं जातं, म्हणून प्रत्येक वेळी सुरू होताना ते कोडमध्येच हवं. अनेक तयार कोडमध्ये ही ओळ नसते.

आता मुख्य मुद्दा. गेनचे दोन तयार पर्याय आहेत, 'घरात' आणि 'बाहेर'. नावावर जाऊ नका. 'घरात' म्हणजे जास्त गेन, 'बाहेर' म्हणजे कमी. फरक किती? नॉइज फ्लोअर, म्हणजे सततच्या गोंगाटाची मर्यादा, लेव्हल २ वर ठेवली तर 'घरात'ला ६२ मायक्रोव्होल्टच्या वरचा सततचा गोंगाट चिप नाकारते, 'बाहेर'ला तीच मर्यादा ८६० मायक्रोव्होल्ट. जवळजवळ चौदापट.

माझ्याकडे दोन प्रोफाइल आहेत. एरवी 'लांब' चालू असतं: गेन 'घरात', नॉइज फ्लोअर २, वॉचडॉग थ्रेशोल्ड (सिग्नल किती मोठा झाला की चिपने तो तपासायला घ्यायचा) १, स्पाइक रिजेक्शन (विजेसारखे न दिसणारे झटके किती कडकपणे गाळायचे) २. अंतर १४ किमी किंवा कमी आलं की कोड स्वतःच 'जवळ' वर जातो: गेन 'बाहेर', वॉचडॉग २, बाकी तेच. बदलताना मी आधीचा हिशोब पुसायची कमांडही देतो, म्हणजे दोन वेगळ्या गेनची मापं एकात मिसळत नाहीत. शेवटच्या विजेनंतर ३० मिनिटं शांत गेली की परत 'लांब'.

गेल्या हंगामातल्या एका संध्याकाळची नोंद देतो, म्हणजे कल्पना येईल. ५:४२ ला ४० किमी. मग ३७, ३१, २४ असं उतरत आलं. ६:२० ला १४ दिसलं आणि प्रोफाइल बदललं. पुढची दहा मिनिटं एकही नोंद नाही, कारण कमी गेनला तेवढं लांबचं दिसत नव्हतं. ६:३१ ला थेट ८, मग ६, ५, आणि ६:४४ ला १, म्हणजे डोक्यावर. मधल्या शांत दहा मिनिटांना वादळ गेलं असं समजायचं नाही. माझ्या कोडमध्ये 'जवळ' प्रोफाइल चालू असेपर्यंत लाल दिवा विझतच नाही, नोंद येवो न येवो.

तुमच्याकडे काय सेटिंग आहे, जागा कुठली, हे सांगा.

---

सह्यवारा

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. माझ्याकडे दिवसभर डिस्टर्बर (वीज नसलेल्या, उपकरणांच्या झटक्यांच्या नोंदी) येत राहतात. आकाश निरभ्र. स्पाइक रिजेक्शन वाढवत वाढवत ७ वर नेलं तेव्हा थांबले. हे बरोबर आहे का?

---

वळीवाची_वाट

@सह्यवारा, ७ वर थांबले हे खरं, पण त्याबरोबर लांबच्या विजाही गेल्या असतील. स्पाइक रिजेक्शन आणि वॉचडॉग दोन्ही वाढवले की आधी लांबची आणि दुबळी वीज गळते. आधी डिस्टर्बरच्या वेळा लिहून काढा. ठरावीक अंतराने येत असतील तर फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा पाण्याच्या मोटरचा स्टार्टर. सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाच्या वेळी असतील तर गॅसचा लायटर बघा. मॉड्यूल ओट्याजवळ असेल तर प्रत्येक चटक्याला नोंद होते. कारण सापडलं की यंत्र हलवा, आणि मगच रिजेक्शन २-३ वर आणा. डिस्टर्बर लपवायची सोय चिपमध्ये आहे, पण जागा पक्की होईपर्यंत ती वापरू नका.

---

कोडोपंत

थोडं वेगळं मत मांडतो. दोन प्रोफाइलची भानगड कशाला? गेन कमाल ठेवा, सगळे इव्हेंट डेटाबेसमध्ये भरा, नंतर पायथनमध्ये गाळणी लावा. साठवण स्वस्त आहे. जे टिपलं नाही ते परत मिळत नाही, जास्तीचं मात्र कधीही काढून टाकता येतं.

---

वळीवाची_वाट

@कोडोपंत, पूर्ण लहर साठवणाऱ्या यंत्राला तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी लागू आहे, या चिपला नाही. ही आपल्याला लहर देतच नाही. वीज, डिस्टर्बर की गोंगाट, हा निकाल ती आत लावते आणि बाहेर फक्त निकाल, अंतर आणि एनर्जीचा आकडा येतो. भरलेल्या हंड्यात कितीही ओतलं तरी हंड्याएवढंच पाणी राहतं. चेपलेल्या सिग्नलचा माथा किती उंच होता ते नंतर कुठल्याही कोडने काढता येत नाही. आणि आकार बिघडल्यामुळे तिने डिस्टर्बर ठरवलेली जवळची वीज तुमच्या डेटाबेसमध्ये डिस्टर्बर म्हणूनच बसणार.

---

कोडोपंत

निकाल आतच लागतो हा मुद्दा मान्य. मग दोन मॉड्यूल लावली तर? एक कायम 'घरात', एक कायम 'बाहेर'. मधली दहा मिनिटं आंधळी राहणार नाहीत.

---

वळीवाची_वाट

सगळ्यात चांगला उपाय तोच. दोन्ही अँटेना एकमेकींना चिकटून ठेवू नका, नाहीतर एकीचं ट्यूनिंग दुसरी बिघडवते. आणि त्या काटकोनात ठेवा. कॉइलचा अक्ष ज्या दिशेला रोखलेला असतो त्या दिशेची वीज सगळ्यात कमी भरते आणि अक्षाच्या आडवी असलेली सगळ्यात जास्त. एकच मॉड्यूल असेल तर तुमच्याकडे वादळं ज्या बाजूने येतात तिकडे अक्ष रोखू नका.

---

लघुलहर

हौशी रेडिओवाला आहे, त्यामुळे लांबच्या वादळांबद्दल थोडं सविस्तर लिहितो. ४० किमी म्हणजे खरं तर जवळच. शेकडो, हजारो किलोमीटरवरच्या विजा ऐकायच्या तर ५०० किलोहर्ट्झ सोडून खाली, ३ ते ३० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात यावं लागतं. विजेची सगळ्यात जास्त ऊर्जा ५ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि या लहरी जमीन आणि आयनांबर (वरच्या हवेतला विद्युतभारित पट्टा) यांच्या मधल्या पोकळीतून फार लांब जातात.

ब्लिट्झऑर्टुंग हे विजांची जागा शोधणारं जाळं याच तत्त्वावर चालतं. ड्युसेलडॉर्फचे प्रा. एगॉन वांके यांनी सुरू केलेलं, जगभरातल्या हौशी लोकांनी आपापल्या घरी स्टेशन लावून चालवलेलं. प्रत्येक स्टेशन जीपीएसच्या घड्याळाने लहर पोहोचल्याची वेळ नोंदवतं आणि अनेक स्टेशनांच्या वेळांतल्या फरकावरून जागा काढतात. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, तेव्हा घड्याळ किती काटेकोर लागतं ते बघा. साउंडकार्डवर ४८ किलोहर्ट्झने नोंद केली तर दोन नमुन्यांमध्येच सुमारे ६ किमीचा फरक पडतो. ऐकायला आणि शिकायला ठीक, जागा काढायला नाही.

तिथेही गेनचं दुखणं तेच, पण आणखी एक गोष्ट येते: दिवस आणि रात्र. दिवसा आयनांबराचा खालचा थर साधारण ७० किमीवर असतो आणि लहरी शोषतो. रात्री तो विरतो, परावर्तन ९० किमीच्या आसपासून होतं आणि लांबचं स्पष्ट येतं. दिवसा बरोबर लावलेला गेन रात्री जास्त होतो. स्टेशन इतक्या लहरी पकडतं की सर्व्हर ते गोंगाटाचं समजून बाजूला ठेवू शकतो. मी रात्रीसाठी थ्रेशोल्ड थोडा वर नेतो, गेन तोच ठेवतो. स्थानिक वादळ आलं की मात्र गेनच उतरवतो.

आपल्याकडे अशी स्टेशनं विरळ आहेत. त्यामुळे युरोपातल्या लोकांचा 'फक्त जवळचं पकडा, लांबचं दुसरा पकडेल' हा सल्ला इथे डोळे झाकून घेऊ नये. इथे लांबचं पकडणारं प्रत्येक स्टेशन मोलाचं आहे.

आणखी एक. स्पेक्ट्रममध्ये १८.२ किलोहर्ट्झवर सरळ रेघ दिसली तर घरातलं उपकरण शोधत बसू नका. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथे नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन आहे, पाणबुड्यांशी संपर्कासाठीचं. ती रेघ तिथली. अँटेनाची लूप फिरवली की कमी-जास्त होते, त्यामुळे लूप दिशा बरोबर दाखवते की नाही हे तपासायलाही तिचा उपयोग होतो.

---

खाडीकाठ

सुंदर माहिती @लघुलहर. रत्नागिरीकडून एक सूचना: सेटिंगची परीक्षा जुलैमध्ये घेऊ नका. भर पावसाळ्यात इथे धो धो पडतं पण विजा फार कमी. मे महिन्यात मान्सून यायच्या आधी आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात घाटमाथ्यावर जे पेटतं, तेच खरं. आणि खारी हवा. मॉड्यूलचे जोड एका पावसाळ्यात हिरवे पडतात, डबा घट्ट बंद हवा, प्लास्टिकचाच.

---

टॅम्पाकर

फ्लोरिडातून. आमच्याकडे उन्हाळ्यात दोन्ही किनाऱ्यांवरचे समुद्री वारे आत येऊन भिडतात आणि दुपारी हमखास गडगडाट. इतकं जवळ आणि इतकं दाट की मी जून ते सप्टेंबर 'बाहेर' गेनवरच ठेवतो, दुसरं प्रोफाइल लागतच नाही. तेव्हा हवामान बघून ठरवा, दोन्ही प्रोफाइल हवीतच असं नाही.

---

द्राक्षबाग

तासगावहून लिहितोय. मला हौस म्हणून नाही, बागेत काम करणाऱ्या बायामाणसांसाठी हे यंत्र हवंय. एप्रिल छाटणीनंतर बागेत सतत माणसं असतात आणि मांडवाला सगळीकडे लोखंडी तारा. २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं गेल्याची एनसीआरबीची (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची) नोंद आहे. त्यात शेतात काम करणारे किती असतील याचा विचार केला की झोप उडते.

मोबाईलवर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप आहे, पण बागेच्या खालच्या अंगाला रेंज नाही. प्रश्न असा: चिपमध्ये किती विजा झाल्यावर इशारा द्यायचा ते ठरवता येतं, १, ५, ९ किंवा १६. खोटे इशारे टाळायला ५ ठेवू का? रोज उगाच भोंगा वाजला तर लोक लक्ष देईनासे होतात.

---

वळीवाची_वाट

@द्राक्षबाग, तुमच्या प्रश्नासाठीच हा धागा काढल्यासारखं झालं. ५ ठेवू नका. १५ मिनिटांत पाच विजा झाल्याशिवाय चिप तोंड उघडणार नाही, आणि वळीवाचा ढग कधीकधी डोक्यावरच तयार होतो. त्याची पहिलीच वीज तुमच्या बागेत पडू शकते. आकडा १ च ठेवा. खोटे इशारे जागा बदलून आणि बॅटरीवर चालवून कमी करा, विजांची अट वाढवून नाही.

तुमच्याकडे दोन मॉड्यूलची पद्धत घ्या. 'घरात' गेनवाल्याने ४० ते २० किमी दाखवलं की पिवळा दिवा, मुकादमाने आकाशाकडे लक्ष ठेवायचं. दोघांपैकी कुणीही १४ किंवा कमी दाखवलं की भोंगा आणि माणसं आत. यंत्राने काहीही म्हटलं नाही तरी गडगडाट कानावर आला की काम थांबवायचं. चमक आणि आवाज यात ३० सेकंद म्हणजे १० किमी, आणि तेवढ्या अंतरावरून वीज सहज येते, वर पाऊस नसला तरी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही.

आणि 'दामिनी' सोडू नका. ती पुण्याच्या आयआयटीएमच्या (भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या) जाळ्यावर चालते. २०१४ मध्ये महाराष्ट्रातच २० सेन्सर लावून ते सुरू झालं, पुढे देशभर ८० च्या वर गेलं. घरी जिथे रेंज आहे तिथे कुणीतरी ती बघत राहावं आणि आपल्या यंत्राशी ताडून बघावं. मोजणीचे आकडे जुळणार नाहीत, त्याची काळजी करू नका. एका चमकेत तीन-चार झटके असतात, आपली चिप ते वेगळे मोजतेच असं नाही, आणि ढगातल्या ढगातली वीज व जमिनीवर पडणारी वीज यात ती फरकही करत नाही. वादळ जवळ येतंय की लांब जातंय, एवढं दोन्हीकडे सारखं दिसलं की सेटिंग बरोबर.

---

द्राक्षबाग

मनापासून आभार. भोंगा घरापासून बागेच्या खालच्या टोकाला लावायचा आहे. माणसं थांबायला पॅकिंगची खोली आहे, पक्क्या बांधकामाची. भोंग्यासाठी मांडवाच्या खांबांवरून वायर ओढली तर चालेल का?

---

लघुलहर

अजिबात नको. लोखंडी मांडवावरून गेलेली लांब वायर जवळ पडलेल्या विजेचा झटका थेट तुमच्या यंत्रात आणि घरात आणेल. दोन लोरा (लांबवर छोटे संदेश पाठवणारी बिनतारी) मॉड्यूल घ्या, एक घरी, एक भोंग्यापाशी, भोंग्याला छोटी बॅटरी आणि सौर पट्टी. मधे तार नको. भोंगा मांडवाला न बांधता खोलीच्या भिंतीवर लावा. घरचं मॉड्यूल दर मिनिटाला 'चालू आहे' असा संदेश पाठवत राहील असा कोड लिहा, आणि तो संदेश यायचा थांबला तर भोंग्याने स्वतःहून वेगळा आवाज द्यावा. जोडणीचं चित्र व्यनित पाठवतो.

---

वळीवाची_वाट

+१. 'चालू आहे'वाला कोड माझ्याकडेही नाही, @लघुलहर, तो इथेच टाका, सगळ्यांना लागेल. आणि @द्राक्षबाग, जोडणी, डब्बा बसवणं, जागा बदलणं हे सगळं सकाळी निरभ्र आकाशात उरका. ढग दिसायला लागल्यावर अँटेनाला किंवा मांडवाजवळच्या कुठल्याही वस्तूला हात लावू नका. सेटिंग बदलायचं असेल तर घरात बसून वायफायवरून.